चाकाखालची माती

जळक्या रबराचा वास नाकात शिरला की माणूस आधी आपल्याच घरात काही पेटले आहे का, ते पाहतो. गेल्या वर्षी दिवाळीला चार दिवस उरले असताना नांदेडच्या बायपासपलीकडे एका नव्या प्लॉटिंगमध्ये मी रिक्षातून उतरलो तेव्हा हाच वास आला, आणि तिथे खरोखरच माझ्या घरातले काहीतरी पेटलेले होते. माझा भाचा मोटारसायकलवर बसला होता. पुढचा ब्रेक त्याने आवळून धरला होता, मागचे चाक भन्नाट फिरत होते, चाकाखालून पांढऱ्या धुराचे लोट उठत होते आणि गाडी मात्र तसूभरही पुढे सरकत नव्हती. तीन-चार मुले हातातल्या फोनवर ते दृश्य टिपून घेत होती. सिमेंटच्या रस्त्यावर एक काळा पट्टा उमटला होता. त्या टायरचे पैसे दोनच महिन्यांपूर्वी मी दिले होते.

"काय करायलास रे हे?" मी ओरडलो.

मुले बाजूला सरली. त्याने मूठ सैल सोडली, चाक थांबले. "बर्नआउट, मामा."

"टायर जाळायलास ते दिसलं मला. कशासाठी, ते विचारतोय."

"टायर गरम झाल्याबिगर रस्ता धरत नाही. शर्यतीच्या आधी असंच करतेत."

"मग शर्यत कुठंय इथं?"

तो गप्प राहिला. मग मित्रांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "माझी दोन वर्षांपासून हीच तर चालू आहे की, मामा. चाक फिरायलंय, धूर निघायलाय, गाडी तिथल्या तिथं."

माझा हात वर गेला होता. तो मी खाली घेतला. पण वर गेला होता, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. नाही तर पुढे मी जे सांगणार आहे ते सांगण्याचा मला अधिकार उरणार नाही.

नांदेड-लातूरकडच्या वाचकांना त्याच्या बोलण्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. एके काळी लातूर म्हटले की तुरीची डाळ आणि आडत बाजार आठवे. नांदेड म्हटले की गोदावरी आणि सचखंड गुरुद्वारा. अजूनही ते आठवतेच. पण जून महिना आला की एसटीच्या गाड्यांतून गाद्यांच्या वळकट्या, बादल्या आणि पुस्तकांची खोकी घेऊन मुलेमुली या दोन गावांत उतरतात, ती वेगळ्याच बाजारासाठी. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आता महाराष्ट्रभर झाला आहे. दहा बाय दहाच्या खोल्या, मेसचे डबे, भिंतीवर चिकटवलेली वेळापत्रके, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वैद्यकीय प्रवेशाची ती ७२० गुणांची परीक्षा. ज्यांना पहिल्या खेपेस जमत नाही ती मुले वर्षभर थांबून पुन्हा बसतात. त्यांना 'रिपीटर' म्हणतात. माझा भाचा दुसऱ्यांदा रिपीटर झाला होता.

मेहुणे गेल्यावर त्याच्या शिक्षणाचा भार मी घेतला होता. अक्काने कधी काही मागितले नाही, मीच घेतला. दर रविवारी मी लातूरहून त्याला फोन करी आणि फोन ठेवताना न चुकता एक वाक्य म्हणे, "अजून थोडा जोर लाव." माझ्या पिढीच्या माणसाला हे वाक्य शिकवावे लागत नाही. प्रयत्नांती परमेश्वर, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे ऐकतच आम्ही वाढलो. आणि त्यात खोटे काही आहे असेही नाही. शिवाय मी शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. जोर, भार, घर्षण हे शब्द फळ्यावर लिहून लिहून माझी बोटे पांढरी झाली. त्या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी एसटीत बसल्यावर कळला, आणि तो शिकवला माझ्या भाच्याने.

गाडी त्याने मित्राकडे ठेवली होती. लोह्यापर्यंत आम्ही शेजारी बसून एक शब्दही बोललो नाही. मग मीच विचारले, "ते टायरचं काय म्हणत होतास?" त्याने थोडे संशयाने माझ्याकडे पाहिले. मी रागावलेलो नाही अशी खात्री पटल्यावर फोन काढला आणि अ‍ॅम्बी व्हॅलीची चित्रे दाखवू लागला. लोणावळ्याजवळ, विमाने उतरण्यासाठी बांधलेल्या त्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात गाड्यांच्या सरळ शर्यती भरल्या आहेत. ना वळण, ना चढ. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जो आधी पार करील तो जिंकला. म्हटले तर दहा-बारा सेकंदांचा खेळ.

"ही तर आपली बैलगाड्यांचीच शर्यत झाली की," मी म्हणालो.

तो हसला. "तशीच. फक्त इथं बैलाच्या जागी इंजिन."

या खेळाला नियमांची चौकट मिळाली ती अमेरिकेत. पोरे रस्त्यांवर आणि ओस पडलेल्या लष्करी धावपट्ट्यांवर जीव धोक्यात घालून पळत असत. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली संघटना उभारून त्या पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर आणले, आणि १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड या गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. आज तिथल्या सर्वांत जबर गाड्या ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातात. त्यांच्यासाठी २००८ साली पट्टी ४०२ मीटरवरून ३०५ मीटरवर आणली गेली, कारण त्या वर्षी स्कॉट कॅलिटा हा नावाजलेला चालक पट्टीच्या टोकाला गाडी न थांबल्याने मरण पावला. खेळ म्हणजे सारा पोरकटपणाच, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यात माणसे मरतात. म्हणून त्यात विचारही करावा लागतो.

त्या विचारातला एक भाग म्हणजे हे बर्नआउट. शर्यतीपूर्वी गाडी एका ओल्या केलेल्या जागी आणतात. ओल्यावर चाक सहज घसरते, म्हणून तिथे ते जागच्या जागी फिरवायला सोपे जाते. मग तसेच फिरते चाक कोरड्यावर घेतात. रबर तापते, मऊ आणि चिकट होते. त्याला लागलेले खडे, धूळ, तेल निघून जाते. आणि सुरुवातीच्या जागेवर रबराचा पातळ थर बसतो. तापलेले रबर रबराला धरते. हे सारे काही सेकंदांत उरकायचे. फार वेळ फिरवले तर टायर गरजेपेक्षा तापतो आणि शर्यतीआधीच खर्ची पडतो.

"आणि शर्यत सुरू झाल्यावर धूर निघाला तर?" मी विचारले.

"तर हरलाच, मामा. चाक घसरायला लागलं की गाडी जात नाही, नुसती ओरडती."

म्हणजे धूर तोच, चाक तेच, इंजिन तेच. शर्यतीपूर्वी तो तयारीची खूण, शर्यतीत तो हार पत्करल्याची. आणि ज्याला पुढे शर्यतच नाही, त्याच्यासाठी तो केवळ जळणारे रबर.

मी पुढे विचारले, "मग घसरलं तर काय करायचं? आणखी रेस द्यायची?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी शाळेत कधी गेलोच नव्हतो. "नाही ओ मामा. सोडायचं. पाय जरा उचलायचा. चाकाला रस्ता सापडू द्यायचा, मग पुन्हा दाबायचं."

आता पाहा, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस घर्षणाची टिपणे काढली; १६९९ साली आमोंताँने त्याचे नियम मांडले; पुढे कुलोंबने ते प्रयोगाने पारखले. एकमेकांवर घसरणाऱ्या दोन वस्तूंपेक्षा एकमेकींवर स्थिर टेकलेल्या दोन वस्तूंची पकड अधिक असते, हे वाक्य मी किती वर्गांना घोकायला लावले असेल! फिरत्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता जमिनीवर जवळजवळ स्थिर असतो; त्या क्षणभराच्या उभे राहण्यातूनच गाडी पुढे जाते. चाक घसरू लागले की ते उभे राहणेच संपते. मग आपण जितका जोर लावू तितके ते अधिक घसरते. जोर वाढला की पकड वाढत नाही. जोर पकडीच्या पलीकडे गेला की असलेली पकडही सुटते. हे गणित मी मुलांना सोडवून दाखवले. स्वतःच्या घरात मात्र दर रविवारी फोनवरून उलटे उत्तर देत राहिलो.

एसटी माळेगावजवळून चालली होती. खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, त्यामुळे माळ मोकळाच होता. पण हे गाव दिसले की मला एक बैल आठवतो. आमच्या वडिलांनी माळेगावच्या यात्रेतून लाल कंधारी बैलांची जोडी आणली होती. कंधारकडची ही जात गर्द तांबड्या रंगाची आणि ओढायला खंबीर. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमचे गाव अहमदपूर तालुक्यातले. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्यापूर्वीची, आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होतो तेव्हाची ही गोष्ट.

भादव्यात उडदाची पोती घेऊन आम्ही अहमदपूरच्या बाजाराला निघालो होतो. गाडी आमचा सालगडी हाकत होता. मी हट्टाने शेजारी बसून कासरा मागून घेतला होता. रात्री पाऊस झाला होता. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगाळते आणि पाणी प्याली की फुगून लोण्यासारखी होते. ओढ्याच्या उताराला गाडी रुतली. चाके धावेच्या वरपर्यंत आत गेली. मी बैलांना ओरडलो. ते धडपडले. त्यांचे खूर सटकत होते. एक पाय रोवावा तर दुसरा निसटे. मी चाबूक घेतला आणि उजवीकडच्या बैलाच्या पाठीवर ओढला. एकदा, दोनदा, किती वेळा ते आज सांगता येत नाही. बैलाने सारी ताकद एकवटून झेप घेतली आणि तो गुडघ्यांवर कोसळला. तांबड्या पाठीवर वळ उठले होते.

सालगड्याने माझ्या हातातून चाबूक काढून घेतला. तो रागावला नाही. म्हणाला, "बापू, त्याला कशाला मारायलास? जोर हाये त्याच्यात. धरायला जागा न्हाई."

मग त्याने जे केले ते मी पुष्कळदा आठवले आहे. आधी त्याने जुवाखालून बैल सोडले आणि बाजूला उभे करून त्यांना श्वास घेऊ दिला. गाडीतली निम्मी पोती उतरवून ओढ्याच्या वर नेऊन ठेवली. खुरप्याने चाकांचा चिखल खरवडला. शेजारच्या शेतातल्या आखाड्याच्या कुडाच्या तुराट्या उपसून आणल्या आणि चाकांच्या पुढे व बैलांच्या पायांखाली अंथरल्या. मग बैल जुंपले, त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि हळूच हाक दिली. गाडी करकरत निघाली. बैल तेच होते, आणि त्यांचा जोरही सकाळपेक्षा कमीच झालेला होता. दुसऱ्या दिवशी तो जाऊन तो कूड पुन्हा बांधून आला, तेही मला आठवते.

बैलाचा खूर आणि मोटारीचा टायर यांत फरक आहे, हे मला कळते. गाडीत ओढणारा खूर असतो, मोटारीत ढकलणारे चाक. पण दोन्ही ठिकाणी पुढे जाणे घडते ते जमिनीने उलट दिलेल्या रेट्यामुळे. जमीन रेटा देणार नसेल तर हत्तीचे बळही पाण्यात जाते. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या साऱ्या वादाच्या तळाशी प्रश्न एकच होता. जोर मिळावा म्हणून मुक्या जिवाला किती टोचायचे? मला त्या वादाच्या बातम्या वाचताना नेहमी एक तांबडी पाठ दिसे. आपल्याच घरातल्या बोलत्या जिवाची पाठ मला कधी दिसली नाही, कारण तिच्यावर वळ उठत नव्हते. तिथे फक्त गुण उठत होते, चाचणीमागून चाचणी: ४३०, ४२६, ४३१.

इथे कुणी म्हणेल, मामा आता मऊ झाला. पोराला अभ्यास नको होता, त्याने टायरची गोष्ट सांगितली आणि मामा विरघळला. हा आक्षेप मी स्वतःवर अनेकदा घेतला आहे. त्याचे उत्तर मला त्या बर्नआउटमध्येच सापडते. थंड टायर घेऊन शर्यतीला उभे राहणारा शहाणा नव्हे. आधी तापावे लागते, झिजावे लागते, पुढे न सरकताही फिरावे लागते. दाराशी शर्यत उभी असताना जागच्या जागी फिरलेले ते चार क्षण वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. गवयाचा पहाटेचा रियाज, पहिलवानाच्या जोरबैठका, विद्यार्थ्याची घोकंपट्टी हे सारे याच जातीचे. आणखी एक गोष्ट रबराचे जाणकार सांगतात. टायर अजिबात घसरला नाही तर तो फारसा रेटाही देत नाही. साधारण शंभरात दहा-वीस भाग घसरत असताना त्याची पकड सर्वांत जास्त असते. थोडे घसरणे हा चालण्याचाच भाग आहे. पहिल्या खेपेला परीक्षा हुकली म्हणून काही बिघडत नाही. दुसऱ्या खेपेलाही कदाचित नाही. प्रश्न एवढाच, की हे थोडे घसरणे कुठे संपते आणि जागच्या जागी जळणे कुठे सुरू होते?

त्याची मोजपट्टी मला सापडलेली नाही. पण एक खूण सापडली आहे. जोर वाढवला आणि त्याबरोबर गाडी थोडी तरी सरकली, तर पकड शाबूत आहे. जोर वाढवला आणि फक्त आवाज, धूर अन् वास वाढला, तर आता हात मागे घेण्याची वेळ आली आहे. ही खूण चालकाला दिसत नाही, कारण तो धुराच्या आत असतो. ती बाहेर उभ्या असलेल्याला दिसते. म्हणून आई-बाप, मामा, मास्तर यांनी बाहेर उभे राहायचे असते. माझी चूक ही की मी बाहेर उभा न राहता मुठीवर हात ठेवून बसलो होतो.

आणि बाहेर उभे राहून नुसते पाहावे असेही नाही. रेल्वेच्या इंजिनाकडे पाहा. पोलादी चाक, पोलादी रूळ, दोन्ही गुळगुळीत. चाक रुळाला जिथे टेकते ती जागा एखाद्या नाण्याएवढी. त्यावर शेकडो टनांची गाडी ओढायची. पाऊस पडला, रूळ ओले झाले, चाक फिरू लागले की चालक काय करतो? इंजिनात वाळूची पेटी असते. तो तिच्यातून चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो. इतके प्रचंड यंत्र, आणि अडचणीत त्याला मूठभर वाळू लागते! २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते लातूरकर विसरणार नाहीत. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. स्टेशनाबाहेर लोक पहाटे जमले होते. टाक्यांकडे पाहून माणसांचे डोळे भरून आले होते. मीही गर्दीत होतो आणि टाक्याच पाहत होतो. आज वाटते, खाली चाकांकडेही पाहायला हवे होते. आमची तहान नाण्याएवढ्या पकडीवर साडेतीनशे किलोमीटर चालत आली होती.

दिवाळीत आपण एकमेकांना लिहितो, तुमचा मार्ग निर्विघ्न होवो, सुखाचा होवो. मनातून आपल्याला गुळगुळीत रस्ता हवा असतो. घर्षण म्हणजे कटकट, अडचण, झीज. पण खरोखर गुळगुळीत वाटेवर माणसाला एक पाऊलही टाकता येणार नाही. पाय मागे रेटायला काहीतरी खरखरीत लागते. मुलाला हे खरखरीत काय असते? त्याची आवड असते, शेजारी बसून शिकवणारा माणूस असतो, 'नाही जमलं तरी तू आमचाच' हे घरातले वाक्य असते. यातले एकही मी त्याला दिले नव्हते. मी दिली ती फी, खोली, मेसचा डबा आणि जोर.

अहमदपूर मागे पडले, चाकूर मागे पडले. लातूरच्या स्थानकावर उतरताना मी त्याला विचारले, "पोती उतरवायची का थोडी?" त्याला संदर्भ कळला नाही. मग दिवाळीच्या चार दिवसांत मी ती बैलांची गोष्ट त्याला, आणि अक्काला, प्रथमच सांगितली. चाबकासकट. भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून ठरवले. खोली सोडायची. लातूरला माझ्याकडे राहायचे. रोजच्या तीन चाचण्यांऐवजी आठवड्याला एक. सकाळी दोन तास मी त्याच्याबरोबर बसायचे. दुपारी दोन तास त्याने ओळखीच्या गॅरेजमध्ये घालवले तरी मी विचारायचे नाही. रस्त्यावर टायर जाळायचा नाही, हे मात्र मी बजावले. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्या रस्त्यावरून लहान मुले शाळेला जातात.

या मे महिन्यात त्याने परीक्षा दिली. गुण वाढले. डॉक्टर होण्याइतके नव्हेत. आता तो यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. इथे या लेखाचा गोड शेवट करावा असा मोह होतो. पण तसे मला मनापासून लिहिता येत नाही. मी जोर कमी केला म्हणून गाडी निघाली, की मी जोर कमी केला म्हणून ती दुसऱ्याच रस्त्याला लागली? आणखी एक वर्ष, आणखी थोडा रेटा, आणि ती ओढा ओलांडून वर आली असती का? अक्काला नवऱ्याची एक इच्छा होती. तिच्या डोळ्यांत ती कधी कधी मला दिसते. ती बोलत नाही. सालगड्याने पोती उतरवली होती, पण नंतर ती पुन्हा गाडीत चढवून बाजारात नेली होती. मी उतरवलेली पोती ओढ्याकाठीच राहिली. याचा हिशेब माझ्या नावावर आहे, आणि तो लवकर मिटणारा नाही.

एवढे मात्र सांगू शकतो. तो आता फोनवर बोलतो. पूर्वी रविवारी मी बोलत असे आणि तो "हो मामा" म्हणे. आता तो गिअरबॉक्सविषयी वीस मिनिटे सांगतो आणि मी "हो रे" म्हणतो. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये काम करून त्याने मागचा टायर स्वतःच्या पैशाने घेतला. "जपून वापरायलोय," असे त्याने आपणहून सांगितले.

परवा नरक चतुर्दशीला तो घरी असेल. आमच्या न्हाणीघरात जुनी शहाबादी फरशी आहे. तेल सांडले की तिच्यावर पाय ठरत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी घसरते, आणि दरवर्षी अक्का फरशीवर मूठभर उटणे टाकून म्हणते, "आता ये बघू." पहाटे तेल लावताना त्याचा हात माझ्या हातात धरावा म्हटले तर तो निसटून जातो. उटणे लावले की मग धरता येतो.